सारख्याच दोन साखळ्या: छोट्या डायमरची रचना कशी उलगडली

एनएमआरने (चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रकांचे संकेत मोजण्याच्या पद्धतीने) प्रथिनाची संपूर्ण रचना काढता येते, हे कुर्ट व्यूथ्रिख यांच्या झुरिकमधील गटाने १९८५ मध्ये ५७ अमिनो आम्लांच्या एका छोट्या प्रथिनावर दाखवलं. पद्धतीची सगळी भिस्त एनओईवर, म्हणजे जवळच्या अणुकेंद्रकांच्या एकमेकांवरच्या चुंबकीय परिणामावर आहे. दोन हायड्रोजन अणू साधारण ५ ॲंगस्ट्रॉमच्या (१ ॲंगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा दहा अब्जावा भाग) आत आले की वर्णपटात त्या जोडीचा ठिपका उमटतो. असे शेकडो ठिपके ओळखायचे, अंतरांची यादी करायची आणि त्यांत बसेल अशी घडी संगणकाकडून काढून घ्यायची.

डायमरमध्ये, म्हणजे दोन साखळ्या जोडून बनलेल्या प्रथिनात, मात्र घोडं अडतं. दोन एकसारख्या साखळ्या सममितीने जोडल्या की दोघींतल्या त्याच अणूचे संकेत तंतोतंत एका जागी पडतात. समजा, २५ व्या आणि ४० व्या क्रमांकाची अमिनो आम्लं जवळ आहेत एवढं कळलं. ती एकाच साखळीतली की समोरासमोरच्या दोन साखळ्यांतली, हे ठिपका सांगत नाही.

सुरुवातीची उत्तरं तर्काने काढलेली होती. १९९० मध्ये उट्रेख्टच्या कापटाइन गटाने ५३ अमिनो आम्लांच्या आर्क रिप्रेसर या डायमर प्रथिनाची रचना मांडली. त्यातली बीटा-पत्री (ताणलेल्या पट्ट्या शेजारी लागून बनलेली घडी) दोन्ही साखळ्यांच्या एकेका पट्टीने बनते. ताणलेल्या पट्टीचं एक टोक स्वतःच्याच दुसऱ्या टोकाला शिवू शकत नाही, म्हणून असे ठिपके पलीकडच्या साखळीचेच मानता येतात. हेलिक्सच्या (साखळीच्या मळसूत्री वेटोळ्याच्या) बाबतीत असा सोपा पुरावा क्वचितच मिळतो.

कोंडी फुटली ती फिल्टरमुळे, म्हणजे खुणेची साखळी आणि साधी साखळी यांच्यामधलेच ठिपके गाळून घेणाऱ्या प्रयोगामुळे. एम१३ फाजचं (जिवाणूंना लागण करणाऱ्या विषाणूचं) जीन-५ प्रथिन ८७ अमिनो आम्लांचं, तेही डायमर. त्याची १९८३ ची स्फटिक-रचना हाताशी होती, पण नाइमेखेनच्या गटाचे एनएमआर ठिपके तिच्याशी जुळेनात. मूळ प्रथिन दाट द्रावणात गोळा होई, म्हणून ४१ व्या जागी टायरोसिनऐवजी हिस्टिडिन घातलेला प्रकार वापरला गेला. १९९३ मध्ये याच गटाने संदिग्धतेवरचा उपाय छापला: निम्मं प्रथिन कार्बन-१३ ने (कार्बनच्या जड समस्थानिकाने) खूण केलेलं, निम्मं साधं, आणि दोन्हींच्या मिश्र डायमरमधले फक्त साखळी ओलांडणारे ठिपके वेचायचे. १९९४ मध्ये एनएमआर रचना आली, त्याच वर्षी सेलेनोमेथिओनिन (सेलेनियम असलेलं अमिनो आम्ल) वापरून नवी स्फटिक-रचनाही आली, आणि १९८३ ची रचना चुकीची ठरली. या क्षेत्राच्या इतिहासातला हा सर्वांत बोलका प्रसंग आहे, असं आमचं मत आहे.

कृती आजही जवळपास तीच आहे. एम९ माध्यमात (जिवाणू वाढवण्याच्या साध्या क्षार-द्रावणात) लिटरमागे २ ते ३ ग्रॅम कार्बन-१३ ग्लुकोज आणि १ ग्रॅम नायट्रोजन-१५ अमोनियम क्लोराइड घालून जिवाणू वाढवायचे. खुणेचं आणि साधं प्रथिन समप्रमाणात घ्यायचं, ६ मोलर ग्वानिडीनमध्ये उलगडायचं आणि डायलिसिसने (पडद्यातून ग्वानिडीन काढून टाकून) परत घडी पडू द्यायची. साखळ्या नीट मिसळल्या तर २५ टक्के पूर्ण खुणेचे, ५० टक्के मिश्र आणि २५ टक्के साधे डायमर मिळतात, म्हणजे उपयोगाचा नमुना निम्माच. घट्ट डायमर न उलगडता नुसते एकत्र ओतले तर साखळ्यांची अदलाबदल होतच नाही. वर्णपट कोरा येतो आणि सांध्यावर (दोन साखळ्या जुळतात तिथे) संपर्कच नाहीत असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

दुसरा धोका फिल्टरच्या गळतीचा. कार्बन-हायड्रोजन जोडणीचा स्थिरांक मिथाइलमध्ये सुमारे १२५ हर्ट्झ, तर सुगंधी वलयांत १६० किंवा त्याहून जास्त. या स्थिरांकावर बेतलेली फिल्टरची वेळ एकाला जुळवली की दुसऱ्याला जुळत नाही आणि साखळीच्या आतलेच ठिपके बाहेरचे म्हणून दिसतात. १९९७ मध्ये टोरांटोच्या लुईस के यांच्या गटाने चर्प स्पंदांनी (वारंवारता सरकत जाणाऱ्या रेडिओ-स्पंदांनी) ही गळती बरीच आटोक्यात आणली. तरी न मिसळलेल्या, पूर्ण खुणेच्या नमुन्यावर तोच प्रयोग करून पाहावाच. तिथे दिसेल तो ठिपका गळतीचा.

गणिताची बाजू मिखाएल निल्गेस यांनी १९९३ मध्ये सांभाळली: संदिग्ध ठिपका आधी ठरवून न टाकता दोन्ही शक्यतांची एकत्र बेरीज ठेवायची आणि दोन्ही साखळ्या सारख्या राहतील असं बंधन घालायचं. तरीही सांध्यावर मोजकेच संपर्क असले की कोन हुकतो. डायमरांचा डायमर असलेल्या, कर्करोग रोखणाऱ्या पी५३ प्रथिनाच्या चतुष्टक डोमेनची (चार साखळ्या जोडणाऱ्या भागाची) १९९४ मध्ये छापलेली एनएमआर रचना हेलिक्समधल्या कोनांसाठी १९९५ मध्ये दुरुस्त करावी लागली.

एक प्रश्न मात्र फिल्टरच्या कक्षेबाहेरचा आहे: नळीत दिसणारी जोडी कामाच्या वेळीही लागते का? एनएमआरला मिलिमोलरच्या आसपास दाट द्रावण लागतं, त्यामुळे मायक्रोमोलर पातळीवर सुटणारी जोडीही नळीत पक्की दिसते. ७२ अमिनो आम्लांचं इंटरल्युकिन-८ हे पेशींना संदेश देणारं प्रथिन एनएमआरमध्ये आणि स्फटिकातही डायमर दिसलं. १९९४ मध्ये २५ व्या ल्युसिनच्या पाठकण्यावर एक मिथाइल गट जोडून जोडी तोडण्यात आली, आणि एकेरी साखळीनेही न्यूट्रोफिल पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) तितक्याच चेतवल्या.