भारतीय स्टेट बँक

भारतीय स्टेट बँक ही भारतातील सर्वांत मोठी व्यापारी बँक. मुख्यालय मुंबईत नरिमन पॉइंटला, मादाम कामा मार्गावर. देशभरात २२,००० हून अधिक शाखा. भांडवलातील निम्म्याहून अधिक वाटा भारत सरकारचा आहे, बाकीचे शेअर बाजारात आहेत. आजच्या नावाने ती १ जुलै १९५५ रोजी सुरू झाली. वंशावळ मात्र १८०६ पर्यंत मागे जाते.

या बँकेविषयी लोकांच्या मनात दोन भावना एकत्र नांदतात. रांग, 'पुढच्या खिडकीवर जा', जेवणाच्या सुट्टीची पाटी, पासबुक भरून घ्यायला दुसरी फेरी, या तक्रारी तीन पिढ्यांच्या ओळखीच्या आहेत. पण निवृत्तीची रक्कम हाती आली की तीच तक्रार करणारी माणसे मुदत ठेवीसाठी स्टेट बँकेतच जातात. दोन्हींचे मूळ एकच आहे: ही बँक म्हणजे सरकार, असे लोक धरून चालतात. तिचा इतिहास पाहिला तर ही समजूत निराधार नाही. बँकेची पत सरकारच्या जवळिकीतून उभी राहिली आणि ती पणाला लागली तेव्हाही बहुतेक वेळा कारण तेच होते.

कलकत्त्यात १८०६ साली बँक ऑफ कलकत्ता निघाली. १८०९ मध्ये सनद मिळून ती बँक ऑफ बेंगॉल झाली. पुढे १८४० मध्ये बँक ऑफ बॉम्बे आणि १८४३ मध्ये बँक ऑफ मद्रास आली. या तिघी इलाखा बँका, म्हणजे ब्रिटिश अमलातील बंगाल, मुंबई आणि मद्रास या मोठ्या प्रांतांच्या. त्यांत कंपनी सरकारचे भागभांडवल होते, संचालक मंडळावर सरकारची माणसे होती आणि १८६१ च्या कागदी चलन कायद्यापर्यंत नोटा काढण्याचा अधिकारही होता. तो गेल्यावर त्या बदल्यात सरकारी शिल्लक सांभाळण्याचे काम त्यांच्याकडे आले.

तिघींपैकी मुंबईची बँक बुडाली, आणि ही हकीकत थोडी थांबून सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध सुरू झाले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैशाचा पूर लोटला. बॅक बे हा मुंबईच्या किनाऱ्याचा समुद्र भरून काढण्याच्या योजनेचे आणि कसल्याकसल्या नव्या कंपन्यांचे शेअर दर्शनी किमतीच्या कितीतरी पट भावाने विकले जाऊ लागले. अशा वेळी, १८६३ मध्ये, बँक ऑफ बॉम्बेच्या कायद्यातील जुने निर्बंध सैल केले गेले आणि शेअरच्या तारणावर कर्जे सुटली. प्रेमचंद रायचंद हे त्या सट्ट्याचे अनभिषिक्त राजे. बँकेच्या कर्जवाटपावरही त्यांचा शब्द चाले. मुंबई विद्यापीठाच्या आवारातील राजाबाई टॉवर त्यांनी आपल्या आईच्या नावाने दिलेल्या देणगीतून उभा राहिला, तो याच काळातल्या पैशावर. १८६५ च्या वसंतात युद्ध संपल्याची बातमी आली, कापूस कोसळला आणि १ जुलै १८६५ या वायद्यांचे पैसे चुकते करण्याच्या दिवशी बाजार झोपला. बँकेने पुढची दोन-तीन वर्षे कशीबशी ढकलली. १८६८ मध्ये ती गुंडाळावी लागली आणि त्याच वर्षी त्याच नावाची नवी बँक काढली गेली. सरकार भागीदार आहे म्हणजे पैसा सुरक्षित, असे मानणाऱ्या भागधारकांना हा मोठा धक्का होता. १८७६ च्या इलाखा बँक कायद्याने सरकारने आपले भांडवल काढून घेतले आणि बँकांना कडक बंधने घातली. स्टेट बँकेच्या सावध, कागद तपासून पाहणाऱ्या वृत्तीची सुरुवात मला या घटनेत दिसते.

२७ जानेवारी १९२१ रोजी तिन्ही बँका एकत्र होऊन इंपीरियल बँक ऑफ इंडिया झाली. १९३५ मध्ये रिझर्व्ह बँक येईपर्यंत सरकारची बँकर तीच होती. मात्र वरिष्ठ जागा गोऱ्यांच्या आणि कर्जे मुख्यतः युरोपीय पेढ्यांना, असा तिच्यावर भारतीय व्यापाऱ्यांचा रोष होता. नावातच साम्राज्य असलेली ही संस्था स्वातंत्र्यानंतर तशीच राहणे शक्य नव्हते.

राष्ट्रीयीकरणाचे थेट कारण मात्र शेतकऱ्याच्या कर्जाचे होते. रिझर्व्ह बँकेने १९५१ मध्ये अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी सुरू केली. समितीचे अध्यक्ष होते ए. डी. गोरवाला, आणि सदस्यांत पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. १९५४ च्या अहवालातले आकडे आजही अस्वस्थ करतात: शेतकऱ्याच्या एकूण कर्जात व्यापारी बँकांचा वाटा एक टक्क्याहूनही कमी, सहकारी संस्थांचा सुमारे तीन टक्के, बाकी बहुतेक सावकार आणि व्यापारी. खेड्यापर्यंत पोचणारी, सरकारच्या पाठबळाची बँक हवी अशी शिफारस झाली आणि इंपीरियल बँकेची सुमारे ४८० कार्यालये नव्या बँकेकडे आली. जॉन मथाई पहिले अध्यक्ष. पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडण्याचे उद्दिष्ट कायद्यातच होते आणि ते पुरे झाले. तालुक्याच्या गावी कोषागाराचे काम, पगार, निवृत्तिवेतन आणि पीककर्ज एकाच छताखाली आले. 'बँक' म्हणजेच स्टेट बँक, असे कित्येक गावांत म्हटले जाऊ लागले ते इथून. १९६९ मध्ये १४ खासगी बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा त्या यादीत ही नव्हती, कारण ती चौदा वर्षे आधीच सरकारी झालेली होती.

१९५९ च्या कायद्याने जुन्या संस्थानांच्या आठ बँका तिच्या उपकंपन्या झाल्या. मराठवाड्यात त्यांपैकी स्टेट बँक ऑफ हैदराबादचा मोठा वावर होता. तिथे लोक तिला 'हैदराबाद बँक' म्हणत. २००८ मध्ये सौराष्ट्र, २०१० मध्ये इंदूर आणि १ एप्रिल २०१७ रोजी उरलेल्या सहयोगी बँका व भारतीय महिला बँक यांचे विलीनीकरण झाले. त्या वेळी अध्यक्षपदी अरुंधती भट्टाचार्य होत्या, बँकेच्या पहिल्या महिला अध्यक्ष. निळ्या वर्तुळातील किल्लीच्या छिद्राचे बोधचिन्ह १९७१ चे, शेखर कामत यांनी केलेले.

सरकारच्या जवळिकीचा तोटा दाखवणारे प्रसंगही लोकांच्या आठवणीत आहेत. २४ मे १९७१ रोजी दिल्लीच्या संसद मार्ग शाखेच्या मुख्य रोखपालाने फोनवरचा आवाज पंतप्रधानांचा समजून ६० लाख रुपये एका अनोळखी माणसाच्या हवाली केले. रुस्तम नगरवाला हा निवृत्त लष्करी अधिकारी त्याच दिवशी पकडला गेला, पुढच्या वर्षी कैदेत असताना मरण पावला आणि संशय कायमचा मागे राहिला. आणीबाणीतील प्रकरण याहून गंभीर. अध्यक्ष राजकुमार तलवार यांनी एका अडचणीतल्या सिमेंट कंपनीला कर्जसवलत देताना व्यवस्थापन बदलण्याची अट घातली आणि संजय गांधींच्या दबावापुढे ती मागे घ्यायला नकार दिला, असे त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवले आहे. त्यांना हटवता यावे म्हणून स्टेट बँकेच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि १९७६ मध्ये त्यांना जावे लागले. बँकेच्या नावलौकिकाचा विचार करताना तलवारांचा हा नकार मी तिच्या कोणत्याही नफ्याहून वर ठेवीन.

१९९२ च्या रोखे घोटाळ्यात शेअर दलाल हर्षद मेहताचे व्यवहार प्रथम याच बँकेच्या हिशेबातील तफावतीवरून उघडकीस आले. पुढे बड्या उद्योगांची थकीत कर्जे साचली. किंगफिशर एअरलाइन्सला कर्ज देणाऱ्या बँकसमूहाची ती प्रमुख होती. २०१७-१८ मध्ये ६,५४७ कोटी रुपयांचा तोटा झाला. त्याच वर्षी बचत खात्यात किमान शिल्लक न ठेवणाऱ्यांकडून एप्रिल ते नोव्हेंबरमध्ये १,७७१ कोटींचा दंड गोळा झाल्याचे समोर आले. मोठ्यांची कर्जे बुडतात आणि दंड गरिबाच्या खात्यातून जातो, हा लोकांचा संताप रास्त होता. ही अट मार्च २०२० मध्ये रद्द झाली. त्याच महिन्यात येस बँक कोसळताना स्टेट बँकेने तिच्यात ७,२५० कोटी रुपये घालायचे ठरवले. २०२४-२५ मध्ये तिचा स्वतःचा नफा ७०,९०१ कोटींवर गेला होता.

राजकीय पक्षांना नाव उघड न करता देणगी देण्यासाठीचे निवडणूक रोखे विकण्याचा अधिकार २०१८ पासून फक्त या बँकेला होता. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने योजना घटनाबाह्य ठरवली आणि तपशील ६ मार्चपर्यंत निवडणूक आयोगाला द्यायला सांगितले. रोखे घेणारे आणि ते मिळालेले पक्ष यांची जुळवणी करायला बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली. संगणकावर कोट्यवधी खाती चालवणाऱ्या बँकेला ही जुळवणी करायला एवढे दिवस का लागावेत, हा प्रश्न चहाच्या टपरीपासून न्यायालयापर्यंत विचारला गेला. ११ मार्चला न्यायालयाने अर्ज फेटाळला; दुसऱ्याच दिवशी बँकेने यादी सादर केली. रोख्यांचे क्रमांक त्यात नव्हते. न्यायालयाने पुन्हा बजावल्यावर २१ मार्चला तेही दिले गेले, आणि कोणाचा पैसा कोणत्या पक्षाला गेला हे त्या क्रमांकांवरून जुळवता आले.