हेकेलचा माणूस आणि कोल्विट्झचे आईवडील

जर्मन अभिव्यक्तिवादी (हुबेहूबपणापेक्षा भावनेच्या तीव्रतेला महत्त्व देणारी) वुडकट, म्हणजे लाकडी फळी कोरून छापलेली चित्रे, म्हटले की काळ्या-पांढऱ्याचा कडक विरोध आणि खंगलेली माणसे डोळ्यांसमोर येतात, आणि त्यामुळे डी ब्र्युके या जर्मन गटातील चित्रकार व जर्मन चित्रकर्ती केटे कोल्विट्झ यांना सर्रास एकाच माळेत ओवले जाते. वास्तविक कोल्विट्झ त्या गटात कधीच नव्हती. तंत्र मात्र एकच आहे: फळीवर जे कोरून काढले ते कागदावर पांढरे राहते आणि जे उरले त्याला शाई लागते.

एरिख हेकेल हा १९०५ मध्ये ड्रेस्डेनला डी ब्र्युके स्थापन करणाऱ्यांपैकी एक. पहिल्या महायुद्धात त्याने बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात रुग्णसेवक म्हणून काम केले आणि १९१९ मध्ये ‘पुरुषाचे व्यक्तिचित्र’ हे रंगीत वुडकट केले, जे त्याचे आत्मचित्रच मानले जाते. लांबुडका हिरवट चेहरा, उंच कपाळ, बसलेले गाल, बाजूला वळलेली नजर. येथे हाडांची ठेवणच हत्याराने ठरवलेली दिसते. लाकडात वळणदार रेषा सहज निघत नाही, आणि ती अडचण लपवण्याऐवजी हेकेल तिच्यातूनच कोनदार चेहरा उभा करतो.

कोल्विट्झचा मुलगा पेटर १९१४ मध्ये त्याच फ्लँडर्सच्या आघाडीवर मारला गेला. एचिंग (आम्लाने कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून छपाई) व लिथोग्राफीत (दगडावरून छपाई) नाव कमावलेल्या कोल्विट्झने १९२० मध्ये जर्मन शिल्पकार अर्न्स्ट बार्लाखची वुडकट पाहिली आणि ती या माध्यमाकडे वळली. १९२१-२२ च्या ‘युद्ध’ या सात चित्रांच्या मालिकेतील ‘आईवडील’ या चित्रात गुडघे टेकलेली दोन शरीरे मिळून एकच काळा ढिगारा होतो, आई वडिलांवर वाकलेली आहे आणि वडिलांनी तोंड हाताने झाकले आहे. हेकेलच्या चित्रातला चेहरा झाकला तर फारसे काही उरणार नाही; कोल्विट्झने तो स्वतःच झाकला आहे आणि सारा भार पाठींवर व हातावर टाकला आहे. मला हा निर्णय अधिक धाडसी वाटतो.

चेहरा झाकलेला असणे ही कोल्विट्झला ओळखण्याची खूण सर्वत्र लागू पडते असे मात्र नाही. जर्मन कम्युनिस्ट नेता कार्ल लीबक्नेख्टच्या हत्येनंतर तिने केलेल्या १९२० च्या स्मृतिचित्रात शोक करणाऱ्यांचे चेहरे स्पष्ट दिसतात आणि ते पुरेसे कोनदारही आहेत. तेथे मृतदेहावर वाकलेल्या माणसाचा मोठा, जड हात पाहावा. कोल्विट्झची ओळख त्यावरून पटते.