सरकारवर भरपाईचा दावा टाकायचाय? आधी नोटीस, मग दावा

कोर्टासमोर टायपिंगला येणारी मंडळी रोज तेच म्हणतात, "अर्ज कधीच दिलाय हो, आता डायरेक्ट दावा टाईप करा." तुमचाही वेळ वाचावा आणि आमचाही, म्हणून हे छापलंय. काउंटरवरून एक उचलून न्या.

समजा पीडब्ल्यूडीच्या रस्त्यावर मोरीचं काम चालू होतं, बॅरिकेड नाही, दिवा नाही, रात्री गाडी खड्ड्यात गेली आणि पाय मोडला. हलगर्जीपणा सरकारचाच, मान्य, पण म्हणून लगेच दावा टाकता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे आधी लेखी नोटीस द्यायची आणि ती पोचल्यापासून दोन महिने थांबायचं. पोचल्यापासून, टाईप केल्यापासून नाही! उत्तर आलं नाही तरी चालतं, दोन महिने संपले की दावा टाकायला मोकळे.

खरा घोळ होतो तो अर्ज आणि नोटीस यात. शाखा अभियंत्याला दिलेला "रस्ता दुरुस्त करावा ही विनंती" वाला अर्ज, आपले सरकार पोर्टलवरची तक्रार, आमदारसाहेबांचं पत्र, यातलं काहीही नोटीस म्हणून उभं राहणं अवघड, कारण त्यात भरपाई मागितलेलीच नसते आणि कागद गेलेला असतो भलत्याच टेबलावर. राज्य सरकारची नोटीस सचिव नाहीतर जिल्ह्याच्या कलेक्टरांच्या ऑफिसात, केंद्राची त्या खात्याच्या सचिवांकडे, रेल्वेची जनरल मॅनेजरकडे. आत तुमचं नाव, पत्ता, काय झालं, कधी, कुठे आणि नेमकं काय मागताय. लोक त्या अर्जावर महिनोन् महिने वाट बघतात आणि मग वकील सांगतात, पहिल्यापासून सुरू करा. स्पेलिंग किंवा किरकोळ चूक असली तर तेवढ्यावरून दावा फेटाळत नाहीत, ते टेन्शन घेऊ नका.

महानगरपालिका असेल तर हिशोबच वेगळा. तिथे एक महिन्याची नोटीस, पण दावा घटनेपासून सहा महिन्यांत, त्यामुळे प्लॅस्टर निघेपर्यंत थांबू नका. एसटीने धडक दिली तर ही नोटीस लागतच नाही, मोटार अपघात न्यायाधिकरणात जायचं. फारच अर्जंट असेल तर नोटीस न देताही कोर्टाची परवानगी मागता येते, पण नुसत्या पैशाच्या दाव्यात ती मिळणं कठीण, वकिलांना विचारूनच काय ते करा. आणि नोटिशीचे दिवस दावा टाकायच्या कायदेशीर मुदतीतून वगळतात हे खरं असलं तरी शेवटच्या आठवड्यात येऊ नका राव.

काही जण म्हणतात आम्ही जास्तीच्या कॉप्या काढून बिल वाढवतो. अहो, एक ऑफिसला, एकीवर आवक विभागाचा शिक्का आणि तारीख घेऊन ती तुमच्याकडे, एक वकिलांच्या फाईलला. दाव्यात "नोटीस दिली" असं लिहावंच लागतं, ते नसेल तर दावा तिथेच अडकतो, आणि पोच मागितली की लोक आमच्याकडेच धावत येतात की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आहे का! कॉम्प्युटरमध्ये मजकूर असतो, शिक्का नसतो.

आम्ही वकील नाही, सल्ला तुमच्या वकिलांचाच. पण मराठी नोटिशीचा मजकूर नीट बसवून, पत्ता तपासून, पोस्टात टाकून ट्रॅकिंगची पावती देण्यापर्यंत सगळं एका जागी होतं, रेट बोर्डावर लावलाय. येताना आधार, दवाखान्याची बिलं, पंचनामा आणि जागेचे फोटो घेऊन या, फोटो आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅप केले तर अजून बरं.