शाहू, पण कुठले?

फुले-शाहू-आंबेडकर म्हणताना मधले शाहू कोणते, हे आज कोणी विचारत नाही. शाहू म्हणजे कोल्हापूरचे. पण हे नाव कोल्हापूरच्या गादीचे नव्हेच. ते आले साताऱ्याहून, आणि ज्या घराण्याशी कोल्हापूरकर दोन पिढ्या भांडले त्या घराण्यातून.

नावाचे मूळ शहाजी-शरीफजी या भावांपर्यंत जाते. अहमदनगरच्या शाह शरीफ पिरावरून ही नावे ठेवली, अशी परंपरा आहे. शिवरायांच्या राजमुद्रेत वडिलांचा उल्लेख 'शाहसूनोः' असा येतो, तो पुढच्या गोंधळासाठी लक्षात ठेवण्यासारखा.

पहिल्या शाहूंचे पाळण्यातले नाव मात्र शिवाजी. 1689 साली रायगड पडला आणि हा सात वर्षांचा मुलगा आई येसूबाईंसह मोगलांच्या कैदेत गेला. आजोबांना चोर म्हणणाऱ्या औरंगजेबाने नातवाला 'साव' म्हटले आणि त्याचे शाहू झाले, असे सांगतात. गोष्ट रंगतदार आहे, पण पणजोबांचे नाव शहाजी असताना एवढ्या लांब जायची गरज नाही, असे मला वाटते. 1707 मध्ये सुटका, ताराबाईंशी खेडची लढाई, 1708 मध्ये साताऱ्यात राज्याभिषेक. 1731 च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर ही दोन राज्ये कायमची वेगळी झाली. हे थोरले शाहू 1749 साली गेले. साताऱ्याला 1777 ते 1808 या काळात आणखी एक शाहू झाले, पण तोवर सत्ता पुण्याला होती आणि छत्रपती नावापुरते.

कोल्हापूरकडे या काळात शिवाजी, संभाजी, शहाजी, राजाराम अशी नावे फिरत राहिली. शाहू एकही नाही. साताऱ्याचे राज्य 1848 साली खालसा झाले. मग 1884 मध्ये कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव कोल्हापूरला दत्तक आले आणि त्यांचे नाव शाहू ठेवले गेले. ताराबाईंच्या गादीवर त्यांच्या प्रतिस्पर्ध्याचे नाव! 1894 साली अधिकार हाती आल्यावर अठ्ठावीस वर्षांत या शाहूंनी जे केले, त्याने थोरल्यांना पार झाकून टाकले.

खरा गुंता आकड्याचा आहे. कोल्हापूरच्या शाहूंना 'चौथे शाहू' म्हटलेले जागोजाग दिसते. मोजून पाहावे. फक्त कोल्हापूरची गादी धरली तर ते पहिले. साताऱ्याचे दोघे मिळवले तर तिसरे. चौथे व्हायचे असेल तर कुठला तरी शहाजी शाहूंत धरावा लागतो. 1839 ते 1848 या काळात साताऱ्याच्या गादीवर शहाजी होते, कोल्हापुरातही त्याआधी एक होऊन गेले. 'शाह' हे रूप दोघांनाही लागू पडत असल्याने हिशेब अगदीच चुकीचा म्हणता येत नाही, पण मग त्यातला एकच का धरायचा? आकडा लिहिणारे याचा खुलासा करत नाहीत. निव्वळ 'कोल्हापूरचे शाहू' लिहिणे केव्हाही बरे.

'राजर्षी' ही पदवीही आकड्याऐवजी ओळख म्हणून वापरली जाते. ती 1919 साली कानपूरच्या एका परिषदेत मिळाली, म्हणजे ती एकाचीच. तरीही साताऱ्याच्या शाहूंच्या चित्राखाली ती छापलेली आढळते.

उत्तर प्रदेशात हा घोळ होत नाही, तिथे 'शाहूजी महाराज' एकच. कानपूरच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. लखनौच्या वैद्यकीय विद्यापीठालाही होते, पण 2012 मध्ये सरकार बदलले आणि तिथे पुन्हा इंग्रज बादशहाचे नाव लागले. 2010 साली अमेठीचा नवा जिल्हा केला तेव्हा त्याला दिलेले शाहूजींचे नावही टिकले नाही.

इकडे 2024 च्या लोकसभेत कोल्हापूरहून निवडून आलेले खासदारही शाहूच. आणि शाहूपुरी साताऱ्यात आहे, कोल्हापुरातही आहे. पत्ता सांगताना गाव आधी सांगावे लागते.