तण काढलं, आता जागा कोणाची?

घाणेरीचं झुडूप कोयत्यानं जमिनीलगत छाटलं की पाच मिनिटांत जागा मोकळी दिसते आणि काम फत्ते झाल्यासारखं वाटतं. पावसाळ्यात पुन्हा जाऊन बघावं, तर एका खोडाच्या जागी आठ-दहा फुटवे उभे, आणि शेजारच्या उघड्या मातीत घाणेरीचीच कोवळी रोपं दाटलेली. छाटणाऱ्यानं तिची मशागतच केलेली असते.

खोड आणि मूळ जिथे जुळतं, तिथे सुप्त डोळे असतात. वरचा पसारा गेला की ते फुटतात. म्हणून जाणकार माणूस वरच्या जाळीशी झटापट करत बसत नाही. तो बुंध्याभोवतीची माती थोडी उकरतो, मुख्य मूळ या डोळ्यांच्या खाली तोडतो आणि अख्खं झुडूप मुळं वर करून उलटं ठेवतो. मुळं उन्हात वाळतात. सरळ टाकून दिलं, तर ओल्या मातीला टेकलेल्या फांद्याही मुळं धरू शकतात.

झाड मोठं असेल तर खोड कापून उरलेल्या खुंटाला तणनाशक लावतात. इथे बहुतेकांचा हात सैल सुटतो. सगळ्या खुंटावर औषध ओतणं ही निव्वळ नासाडी, कारण मधलं लाकूड मेलेलंच असतं. जिवंत भाग म्हणजे सालीच्या लगेच आतलं पातळ कडं. औषध ब्रशनं तेवढ्याच कड्यावर लावायचं, तेही कापल्याबरोबर. उशीर झाला की कापलेली जागा मिटू लागते आणि औषध आत ओढलं जात नाही.

पण मला यापुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो: रिकामी झालेली जागा कोण घेणार? उघडी, हललेली, उन्हात आलेली माती ही तणांचीच आवडती जागा. गाजर गवताचं एक झाड हजारो बिया टाकतं आणि त्या मातीत वर्षानुवर्षं टिकतात. स्थानिक वनस्पती बहुधा सावकाश रुजणाऱ्या असतात. अशा शर्यतीत कोण जिंकणार, ते सांगायला नको.

ही गोष्ट सिडनीतल्या जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींनी नेमकी हेरली. १९६०च्या दशकात त्यांनी तिथल्या झुडपी रानात हातानं तण काढायची एक पद्धत बसवली. तण सगळ्यात दाट असेल तिथे त्या आधी जातच नसत. सुरुवात चांगल्या, जवळजवळ निर्मळ रानापासून करायची आणि तिथून तणाकडे सरकायचं. माती कमीत कमी हलवायची, पालापाचोळा परत जागेवर पसरायचा. पुढचा पट्टा कधी साफ करायचा, हे मागच्या पट्ट्यात स्थानिक रोपं किती उगवली त्यावर ठरायचं. रान बाजूनं सरकत येतं आणि मोकळी जागा भरून काढतं. ही पद्धत भयंकर संथ आहे. फोटोत दाखवण्यासारखं काही घडत नाही, आणि पैसे देणाऱ्यांना तर साफ केलेल्या हेक्टरांचे आकडे हवे असतात.

काही तणं गेल्यावरही माती बदलून जातात. दक्षिण आफ्रिकेतल्या फिनबॉस या झुडपी प्रदेशाची माती मुळातच निकस आहे आणि तिथल्या वनस्पतींना तीच मानवते. ऑस्ट्रेलियातून आलेल्या अकेशिया (बाभळीच्या कुळातली झाडं) आपल्या मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंच्या मदतीनं तिथे नायट्रोजन साठवतात. अकेशिया तोडल्या तरी तो मातीत राहतो आणि त्यावर परदेशी गवतं माजतात. अशा मातीसाठी काही प्रयोगांमध्ये चक्क साखर किंवा लाकडाचा भुसा वापरला गेला आहे. त्यावर सूक्ष्मजीव वाढतात आणि नायट्रोजन आपल्या शरीरात अडकवतात. माती सुपीक करायची सवय असलेल्या माणसाला हे उलटंच वाटणार!

तणाचा मूळ प्रदेशातला शत्रू आणून सोडण्याचा उपायही आहे. ऑस्ट्रेलियात निवडुंगानं सुमारे २.४ कोटी हेक्टर जमीन व्यापली होती. १९२६मध्ये अर्जेंटिनातल्या कॅक्टोब्लास्टिस पतंगाची अंडी तिथे सोडायला सुरुवात झाली. अळ्यांनी निवडुंग आतून पोखरला आणि काही वर्षांतच त्याची रानंच्या रानं कोसळली. यश खरंच, पण ऑस्ट्रेलियात मूळचा एकही निवडुंग नव्हता हेही त्यामागचं एक कारण. हाच पतंग पुढे कॅरिबियन बेटांवर नेला गेला, १९८९मध्ये फ्लोरिडात सापडला आणि आता तिथल्या मूळच्या निवडुंगांनाच धोका झाला आहे. म्हणून हल्ली असा कीटक सोडण्याआधी तो आणखी काय काय खातो, हे कसून तपासतात.

एवढं सगळं करूनही बिया येतच राहतात, बऱ्याचदा पक्ष्यांच्या पोटातून. घाणेरीची काळी फळं खाऊन पक्षी मोकळ्या जागेतल्या एखाद्या एकट्या झाडावर बसतात आणि बिया खाली पडतात. त्यामुळे पुढची काही वर्षं, पाऊस झाल्यावर, खुरपं घेऊन आधी त्या झाडाखालीच जावं लागतं. मात्र तिथलं प्रत्येक रोप उपटायच्या आधी वाकून त्याचं पान नीट बघायचं. रानातल्या फळझाडांच्या बियाही तेच पक्षी तिथेच टाकत असतात.