५७२३ : एका कोडवरून दुभंगलेली अमेरिकी राज्यं

दुकानात कार्ड स्वाइप झालं की रक्कम, तारीख आणि दुकानाचं नाव यांच्याबरोबर बँकेकडे एक चार आकडी कोडही जातो. दुकान कोणत्या प्रकारचं आहे, एवढंच तो सांगतो. किराणा असेल तर ५४११, घरगुती उपकरणांचं दुकान असेल तर ५७२२. आपल्याकडे क्रेडिट कार्डावर पेट्रोल भरल्यावर सरचार्ज माफ होतो, तोही पंपाचा कोड पाहूनच. ग्राहकाने नेमकं काय घेतलं, हे या कोडला कळत नाही. तरीही ५७२३ या कोडवरून, म्हणजे बंदुका आणि काडतुसांच्या दुकानांसाठीच्या कोडवरून, अमेरिकेतल्या राज्यांनी एकमेकांच्या थेट विरुद्ध कायदे केले आहेत.

या वादाचं मूळ कार्डांच्या बरंच आधीचं आहे. १९६८च्या बंदूक नियंत्रण कायद्याने परवानाधारक विक्रेत्यांना प्रत्येक विक्रीची नोंद ठेवायला लावलं. या नोंदी दुकानातच राहतात. १९८६मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, आणखी एक कायदा केला आणि बंदूकमालकांची देशव्यापी यादी तयार करायला केंद्र सरकारला मनाई केली. यादी आली की जप्ती येईल, ही तिथल्या बंदूकधारकांची जुनी भीती आहे. फ्लोरिडाने २००४मध्ये आपल्या राज्यातही अशी यादी करणं बेकायदा ठरवलं. भारतात शस्त्र परवानाच सरकारी दप्तरातून निघतो, त्यामुळे ही भीती आपल्याला पटकन उमगत नाही. पण ती लक्षात घेतल्याशिवाय पुढचा संघर्ष कळणार नाही.

दुसरा धागा बँकांचा. १९७०च्या बँक गोपनीयता कायद्याचं नाव काहीही असलं, तरी त्याने बँकांवर सरकारला माहिती देण्याचं बंधन घातलं. आज संशयास्पद व्यवहारांचे अहवाल अर्थ खात्याच्या फिनसेन या विभागाकडे जातात ते त्याच चौकटीत. १९७६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की बँकेकडच्या नोंदींवर खातेदाराला घटनेच्या चौथ्या दुरुस्तीचं, म्हणजे सरकारच्या अवाजवी झडती-जप्तीविरुद्धचं, संरक्षण मिळत नाही. म्हणजे बंदुकांची यादी सरकारला करता येत नाही, पण बँकेच्या नोंदींपर्यंत ते पोहोचू शकतं. पुढचा सगळा वाद या फटीतला आहे.

ही फट लोकांसमोर आली ती २०१८मध्ये. फेब्रुवारीत फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत १७ जणांचा जीव गेला. त्यानंतर न्यू यॉर्क टाइम्सचे स्तंभलेखक अँड्र्यू रॉस सॉर्किन यांनी मोठ्या हत्याकांडांमागे कार्डांवर झालेल्या खरेदीचा माग काढला. २०१२मध्ये कोलोराडोतल्या ऑरोरा इथल्या चित्रपटगृहात १२ जणांना मारणाऱ्याने दोन महिन्यांत ९ हजार डॉलरहून अधिक किमतीची शस्त्रं, काडतुसं आणि साहित्य घेतलं होतं. २०१६मध्ये ऑरलँडोच्या पल्स नाइटक्लबमध्ये ४९ जण मारले गेले; त्या हल्लेखोराने आधीच्या १२ दिवसांत २६ हजार डॉलरहून जास्त खर्च केला होता, आणि त्यासाठी नवी क्रेडिट कार्डं काढली होती. आपल्या ऐपतीबाहेरच्या या खर्चाची त्याला स्वतःलाच धास्ती होती. बँक हा खर्च अडवेल का, हे तो इंटरनेटवर शोधत होता. ही नोंद वाचून मन सुन्न होतं. कोडच्या बाजूचा सगळ्यात भक्कम युक्तिवाद मला हाच वाटतो.

तेव्हा बंदुकीच्या दुकानांना स्वतःचा कोड नव्हता. ती क्रीडासाहित्य (५९४१) किंवा किरकोळ विशेष दुकानं (५९९९) यांत मोडत. वस्त्रोद्योग कामगारांच्या संघटनेने १९२३मध्ये न्यू यॉर्कमध्ये काढलेल्या अमाल्गमेटेड बँकेने वेगळ्या कोडसाठी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेकडे, म्हणजे आयएसओकडे अर्ज केला. सुरुवातीला तो नाकारला गेला. न्यू यॉर्क आणि कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनी कार्ड कंपन्यांवर दबाव वाढवला आणि सप्टेंबर २०२२मध्ये ५७२३ मंजूर झाला. व्हिसा, मास्टरकार्ड आणि अमेरिकन एक्स्प्रेस यांनी तो वापरण्याचं जाहीर केलं.

प्रतिक्रिया लगेच उमटली. दोन डझन रिपब्लिकन महाधिवक्त्यांनी कंपन्यांना इशारा देणारं पत्र धाडलं, राज्यांच्या विधिमंडळांत विधेयकं आली, आणि मार्च २०२३मध्ये कंपन्यांनी अंमलबजावणी थांबवली. त्या वर्षी फ्लोरिडा, टेक्सास, वेस्ट व्हर्जिनिया, मिसिसिपी, आयडाहो अशा राज्यांनी या कोडला बंदी घातली. पुढच्या वर्षी टेनेसी, जॉर्जिया, आयोवा, केंटकी आणि इतर काही राज्यं त्यांना मिळाली. दुसऱ्या बाजूला कॅलिफोर्नियात गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी सप्टेंबर २०२३मध्ये कोड सक्तीचा करणाऱ्या कायद्यावर सही केली : कार्ड कंपन्यांनी १ जुलै २०२४पर्यंत तो उपलब्ध करायचा, आणि बँकांनी १ मे २०२५पर्यंत दुकानांना लावायचा. कोलोराडो आणि न्यू यॉर्कनेही २०२४मध्ये असेच कायदे केले. एकाच कंपनीला एका राज्यात जे केलंच पाहिजे, ते दुसऱ्या राज्यात केलं तर दंड.

विरोधकांचा गोपनीयतेचा मुद्दा पोकळ नाही. जानेवारी २०२४मध्ये प्रतिनिधीगृहाच्या न्यायविषयक समितीने जाहीर केलं की ६ जानेवारी २०२१च्या संसदेवरच्या हल्ल्यानंतर फिनसेनने बँकांना दिलेल्या साहित्यात व्यवहार शोधण्यासाठी अशाच दुकान-कोडांचा उल्लेख होता. पण 'यादी तयार होईल' हा दावा मात्र मला ताणलेला वाटतो. ५७२३च्या दुकानातून शिकारीचं जाकीट घेतलं काय नि रायफल घेतली काय, बँकेला दिसते ती फक्त रक्कम. वॉलमार्टसारख्या मोठ्या दुकानात काडतुसं घेतली, तर हा कोड लागतच नाही. रोखीचा तर प्रश्नच नाही. त्याच कारणाने कोड आला की हत्याकांडं आधीच ओळखता येतील, हे समर्थकांचं आश्वासनही अपुरं आहे.

वॉशिंग्टनमध्ये रिपब्लिकन सदस्यांनी असा कोड देशभर बंद करणारं विधेयक आणलं आहे. ते २०२५मध्ये पुन्हा मांडणारे रायली मूर हे वेस्ट व्हर्जिनियाचे राज्य-कोषाध्यक्ष असल्यापासून या कोडच्या विरोधात आहेत. आणि कॅलिफोर्नियात कोड दुकानांना लावण्याची मुदत संपली असली, तरी तो दिसल्यावर बँकेने नेमकं काय करायचं, कोणती खरेदी संशयास्पद मानायची, याबद्दल तिथला कायदा काहीच सांगत नाही.