सार्वजनिक जागेत मागणं: भीक, जोगवा, वर्गणी अन् कायदा

रस्ता, बसस्टँड, रेल्वे, देवळाची वाट अशा सगळ्यांच्या जागेत अनोळखी माणसाकडं पैसा नाहीतर अन्न मागणं, अन् त्याच्यावर सरकारनं कितपत बंधन घालावं, असा हा विषय आहे. महाराष्ट्रात त्याचा मुख्य कायदा 1959 चा, मुंबई भीक प्रतिबंध अधिनियम; त्या वेळी आपला मराठवाडाही द्विभाषिक मुंबई राज्यात होता. त्यातली भीकेची व्याख्या लई ऐसपैस आहे: गाणं म्हणून, नाचून, भविष्य सांगून किंवा काही विकायच्या निमित्तानं मागितलं तरी ती भीकच, अन् पहिल्यांदा दोषी ठरलं तर भिक्षेकरीगृहात 1 ते 3 वर्षं ठेवता येतं.

आता हीच व्याख्या आपल्याकडं लावून बघा. तुळजापूरकडं मंगळवारी-शुक्रवारी गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी घेऊन पाच घरं जोगवा मागणारी बाई, मोरपिसाची टोपी घालून पहाटे चिपळ्या वाजवत येणारा वासुदेव, आसूड ओढणारा पोतराज, शब्दशः घेतलं तर सगळेच यात सापडतात. गणपतीच्या वर्गणीला मात्र धर्मादाय कार्यालयाची परवानगी काढली की रस्ता मोकळा, म्हणजे कागद करता येतो तो वर्गणीवाला अन् ज्याला येत नाही तो गुन्हेगार, हे काही पटण्यासारखं नाही.

दिल्ली उच्च न्यायालयानं 8 ऑगस्ट 2018 ला याच कायद्याची दिल्लीत लागू असलेली बरीच कलमं रद्द केली, तो निकाल देणाऱ्या खंडपीठातल्या न्यायमूर्ती गीता मित्तल पुढं जम्मू-काश्मीरला मुख्य न्यायाधीश झाल्या आणि 2019 मध्ये त्यांच्या खंडपीठानं तिथला भीकबंदीचा कायदाही घटनाबाह्य ठरवला. शांतपणे आपली गरज सांगून मदत मागणं हीसुद्धा राज्यघटनेच्या कलम 19 मधली अभिव्यक्तीच, असं जम्मू-काश्मीरच्या निकालात मानलं गेलं. महाराष्ट्रातला कायदा मात्र अजून लागू आहे.

सुरक्षेचा मुद्दा खोटा नाही. संभाजीनगरात जालना रोडच्या सिग्नलला कडेवर लेकरू घेऊन गाड्यांच्या मधून फिरणाऱ्या बाईला स्वतःलाच पहिला धोका असतो, अन् काच बडवणं, वाट अडवणं, शिव्याशाप देऊन पैसे काढणं हे बोलण्याच्या हक्कात बसतच नाही. बंधन घालायचं ते अशा वागण्यावर घाला, नुसत्या मागण्यावर नको. लेकरांना भीकेला लावणाऱ्यासाठी तर बाल न्याय कायदा 2015 चं कलम 76 वेगळं आहेच, 5 वर्षांपर्यंत कैद अन् 1 लाख दंड, त्यासाठी मागणाऱ्या आईला उचलायची गरज पडत नाही.